क्यामेऱ्याच्या तीन टिकल्या

माणसाच्या हातून चूक झाली, की लोक चार दिवस हसतात आणि विसरून जातात. माझं नशीब बघा! माझी चूक चौकट करून, काच लावून भिंतीवर टांगलेली आहे. येणारा-जाणारा आधी तिच्याकडं बघतो, मग माझ्याकडं बघतो. चहा घ्या आधी. घोट नीट गिळा, म्हणजे हसताना ठसका लागायचा नाही.

माझे थोरले जावई दत्तराव. औंढ्याला नागनाथाच्या देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचा फोटो स्टुडिओ. आधी त्यांच्याकडं साधाच क्यामेरा होता. मग नांदेडच्या एका म्हाताऱ्या फोटोवाल्याकडून त्यांनी मोठा क्यामेरा घेतला. मोठा म्हणजे किती? आमच्या गुळाच्या डब्याएवढा! तो डोळ्याला लावायचाच नाही. पोटाशी धरायचा आणि विहिरीत डोकावल्यासारखं वरून आत बघायचं. आत काच, काचेत माणसं. उजवीकडचा माणूस डावीकडं दिसतो आणि डावीकडचा उजवीकडं! एका रिळात फोटो बाराच. पण एकेक फोटो असा, की लुगड्याचे धागे मोजून घ्या.

जावई डावखुरे. आणि क्यामेरा करणाऱ्यानं तो केलेला उजव्या हाताच्या माणसासाठी. दुसरा कुणी कुरकुरत बसला असता. यांनी काय केलं? फोटो काढायच्या बटणाला एक लांब तार जोडली आणि ती फिरवून डाव्या बोटाशी आणून बसवली. रीळ पुढं सरकवायच्या दांडीवर सायकलच्या ट्यूबचं रबर चढवलं, घामेजला हात सटकू नये म्हणून. गळ्यातल्या पट्ट्याला दोन भोकं जादा पाडली, डबा बराबर बेंबीवर यावा म्हणून.

मला तर ते लई आवडलं. माझ्या विळ्याची मूठ मी अशीच चिंधी गुंडाळून गुंडाळून माझ्या हाताची केलेली आहे. त्या विळ्यानं दुसरी बाई कापायला बसली, की दोन पेंढ्यांत रडकुंडीला येते. हत्यार विकत आणलं म्हणून आपलं होत नसतं, ते हाताला लावून घ्यावं लागतं. जावई माझ्याच पठडीतले निघाले! हट्टा गावच्या बाजाराला जाताना मी वाटेत भेटेल त्याला थांबवून सांगायची, "आमच्या जावयानं क्यामेऱ्याला वळण लावलं बरं का, गोऱ्ह्याला लावावं तसं!"

मग माझ्या धाकट्याचं, गजूचं लग्न ठरलं. मांडव आमच्याच दारात. आता आमच्याकडं रीत अशी, की अक्षता पडताना वरमाईनं लग्न बघायचं नाही. नऊ महिने पोटात वागवा, हागवण-गोवर काढा, आणि पोरगं बाशिंग बांधून उभं राहिलं, की तुम्ही घरात भिंतीकडं तोंड करून बसा! पण रीत म्हणजे रीत.

आणि या रितीपायीच मी एक पाप करून बसले होते. आमच्या थोरलीच्या, मंगलच्या लग्नात जावयांच्या आईला, म्हणजे माझ्या विहीणबाईंना, मी दाराच्या फटीतून लग्न बघताना पकडलं होतं. पकडून गप्प बसले असते तर! आठ वर्षं, कुणाचं बारसं असो की डोहाळजेवण, मी चार बायकांत सांगायची, "आमच्या ईनबाईचा एक डोळा घरात अन् एक फटीत!" विहीणबाई हसायच्या. पण सुपारी जरा जोरात कातरायच्या.

लग्नाच्या आदल्या दिवशी जावई, मंगल आणि विहीणबाई आले. मी जावयांना म्हटलं, "जावईबापू, मला तर लगीन दिसणार न्हाई. तुमचा फोटू हेच माझे डोळे. अक्षता पडतानाचा एक फोटू असा काढा, की मी तिथंच हुभी हाय असं वाटलं पायजे."

"मामी, फिकीरच करू नका. त्याच्यासाठीच तर हा डबा आणलाय."

विहीणबाई म्हणाल्या, "बराबर हाय. फटीतून बघण्यापेक्षा फोटू बरा. न्हाई का, ईनबाई?"

"व्हय तर! आमच्यात पाळत्यात बाई समदं," मी म्हटलं. बघा, माझं तोंडच माझं वैरी!

लग्नाचा दिवस उजाडला. जावई अंघोळीला गेले. क्यामेरा कोनाड्यात बसलेला, गणपतीसारखा. घरात नवी वस्तू आली, मग ती मोटार असो की मळणी यंत्र, हळद-कुंकवाशिवाय मी तिला राहू देत नाही. ताट घेऊन गेले. पदरानं त्याची धूळ पुसता पुसता काय दिसलं? क्यामेऱ्याच्या डोळ्याभोवती जे गोल चाक असतं, त्याच्यावर तीन टिकल्या! एक लाल, एक हिरवी, एक काळी.

मंगलची खोड मला ठाऊक. तोंड धुवायच्या आधी कपाळावरची टिकली काढायची आणि दिसेल तिथं चिकटवायची. आरशाला, कपाटाला, एकदा तर तिनं म्हशीच्या शिंगाला चिकटवली होती! मी म्हटलं, अगं भवाने, नवऱ्याचा क्यामेरा बी सोडला न्हाईस! नखानं तिन्ही टिकल्या काढल्या आणि आरशावर नेऊन लावल्या. तिथं आधीच वीस-पंचवीस होत्या. चाक लख्ख पुसलं, वर कुंकवाचं बोट लावलं, हात जोडले. मन कसं प्रसन्न झालं!

अर्धा तास गेला असेल. मी चुलीपुढं. बाहेर ओसरीत जावई डोकं पुसता पुसता गजूच्या दोस्तांना सांगत होते, "अक्षता पडायला लागल्या की माणसं अंगावर येतात रे. वाकून काचेत बघायला कुठली सवड? क्यामेरा डोक्यावर धरायचा अन् दाबायचं. म्हणून मी आधीच चाकावर अंतर मोजून टिकल्या लावल्यात. लाल टिकली म्हंजे दहा फूट, नवरा-नवरी. हिरवी पंधरा फूट, घरची मंडळी. काळी लांबची, पंगत. चाक फिरवून पायजे ती टिकली रेघेखाली आणली, की तेवढ्या अंतरावरचं साफ येतं. दोन रिळं वाया घातली, तवा जागा घावली."

माझ्या हातातलं उलथनं तव्यातच राहिलं!

आता तुम्ही म्हणाल, सांगून टाकायचं. सांगितलं असतं, तर जावयांनी टेप लावून पाच मिनिटांत सगळं पुन्हा मोजलं असतं. पण माझ्या शेजारी पोळ्या कोण लाटत होतं? विहीणबाई! "ईनबाईनं क्यामेरा सारवला" हे पुढची आठ वर्षं कोण ऐकणार?

मी उठले. आरशापुढं गेले. टिकल्यांचं नुसतं आभाळ! त्यातली लाल कोणती? पाच लाल होत्या. त्यातल्या त्यात ताजी बघून एक उचलली, एक हिरवी, एक काळी. आता लावायच्या कुठं? चाकावर आकडेच आकडे, आणि मला आकडे म्हणजे मुंग्यांची रांग. मग मी आपलं डोकं चालवलं. तिन्ही सारख्या अंतरावर लावल्या, तोरणासारख्या. लाल मानाची, म्हणून ती पार वरच्या टोकाला. खोटं नाही सांगत, आधीपेक्षा चांगलं दिसत होतं!

"मामी, काय करून राहिल्या?" जावई दारात.

"काही न्हाई, कुंकू लावून राहिले."

तो देवमाणूस वाकला आणि माझ्या पाया पडला. "मामी, माझ्या हत्याराला कुंकू लावणाऱ्या तुमीच पहिल्या." मला धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. पण धरणीला त्या दिवशी मांडवाचं काम होतं.

दुपारी अक्षतांची वेळ झाली. मी आतल्या खोलीत, तोंड भिंतीकडं. घरात चिटपाखरू नाही. बाहेरून ऐकू येत होतं, "शुभमंगल सावधान!" पहिल्याला मी गप्प. दुसऱ्याला गप्प. तिसऱ्याला माझे पाय आपोआप उठले. आता पायांना कोण आवरणार? मागच्या दारानं जाऊन मी मांडवाच्या कनातीपाशी उभी राहिले. दोन कापडांच्या मधे फट होती. आधी एक डोळा घातला. मग म्हटलं, पाप एका डोळ्याचं आणि दोन डोळ्यांचं सारखंच. गळ्यापर्यंत मुंडकं बाहेर काढलं.

काय सांगू! माझा गजू, काल-परवापर्यंत नाक पुसायला माझा पदर ओढणारा, बाशिंग बांधून उभा. समोर नक्षत्रासारखी पोरगी. माझ्या डोळ्याला धार लागली. समोर तिकडच्या अंगाला गर्दीत जावई, क्यामेरा दोन्ही हातांनी डोक्यावर धरलेला. मी म्हटलं, एवढ्या लांबून मी कुठली दिसते!

पळत येऊन पुन्हा भिंतीकडं तोंड करून बसले. विहीणबाई आल्या.

"बघितलं तर न्हाई ना, ईनबाई?"

"नागनाथाची आण! लगीन माझ्या डोळ्याला दिसलं न्हाई!"

पंधरा दिवसांनी जावई फोटो घेऊन आले, सोबत मंगल आणि विहीणबाई. एकेक फोटो म्हणजे काय! हळदीच्या फोटोत बोटांवरची ओली हळद लकाकत होती. नवरीच्या नथीचे मोती मोजून घ्या. आमच्या पांढऱ्या बैलाच्या पापणीचा केस न् केस! तिथं जावयांनी काचेत बघून, सावकाश फोटो काढले होते. असा कारागीर मी जन्मात बघितला नाही, आजही सांगते.

पण जावयांचं तोंड उतरलेलं. म्हणाले, "मामी, अक्षतांचा तुमचा फोटू बिघडला. टिकली बराबर लावली होती. माझाच हात चुकला. हा क्यामेरा माझ्या हाताचा न्हाई, परत देऊन टाकतो नांदेडला."

त्यांनी फोटो पुढं केला. गजू आणि नवरी धुक्यात उभे असल्यासारखे, कोण कुठलं कळेना. अक्षता म्हणजे नुसते पांढरे फरकाटे. आणि त्या दोघांच्या बरोब्बर मधे, मागं कनातीच्या फटीत, एक मुंडकं! कपाळावरच्या आठ्या आठ, कुंकू जरासं वाकडं, तोंड उघडं, आणि गालावरचा आसवाचा थेंब असा साफ, की बोटानं टिपून घ्यावा.

विहीणबाईंनी चष्मा लावला. फोटो उजेडाला धरला.

"ईनबाई, आमचा तर एकच डोळा होता. तुमचे दोन्ही हायेत, अन् वर दात बी!"

मंगल पदरात तोंड घालून खाली बसली. मला हसू येईना, रडू येईना. पण जावयांकडं बघितलं, तर ते क्यामेरा पिशवीत घालून राहिले होते, मेलेलं कोकरू उचलावं तसे. मग मात्र माझ्यानं राहवलं नाही.

"जावईबापू, क्यामेरा देऊ नका. तुमचा हात न्हाई चुकला. टिकल्या मी काढल्या अन् मीच लावल्या. मंगलच्या समजले."

आरशापासून तोरणापर्यंत सगळं सांगितलं. जावयांनी चाक फिरवून बघितलं, मग बाहेर जाऊन मांडवाच्या जागेत टेप लावली. आत आले ते हसतच.

"मामी, लाल टिकली तुमी तीस फुटावर लावली. कनात बी बराबर तीस फुटावर! मला दोन रिळं लागली, तुमी एका बोटात मोजलं. अन् तुमीच म्हणाल्या होत्या, मी तिथंच हुभी हाय असं वाटलं पायजे!"

क्यामेरा राहिला. जावयांनी टिकल्या काढून चाकाला कानशीनं खाचा पाडल्या, बोटाला लागतील अशा. एक खाच दहा फूट, दोन खाचा पंधरा, तीन म्हणजे लांब. आता कुणी कितीही पुसा! पुढं त्याच खाचांवर त्यांनी अख्ख्या तालुक्याची लग्नं काढली.

आणि तो फोटो? विहीणबाईंनी मोठा करून घेतला, चौकट केली आणि आमच्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीला वाण म्हणून आणून दिला. तेव्हापासून तो समोरच्या भिंतीवर आहे. नवा पाहुणा त्याच्यापुढं थांबतो, डोळे बारीक करतो आणि विचारतो, "हे लगीन कुणाचं हो?"

आमची सून चहाचा कप पुढं करते, माझ्याकडं बघते आणि म्हणते,

"आत्याबाईंचं!"