पालथा तळहात

अव्वाच्या डाव्या मनगटाचं प्लॅस्टर निघालं आणि आमच्या सोलापूरच्या फ्लॅटमध्ये युद्ध पेटलं. अव्वा म्हणजे माझी आई, वय पंच्याहत्तर. मी शाळेत बाई, घरीही बाईच. फ्रिजवर तक्ता लावला: सकाळ-संध्याकाळ मनगट फिरवायचं आणि लाल खूण करायची. आठवडाभर खुणा अगदी नियमित, मी खूश. मग लक्षात आलं, मॅडमनी उद्याचीही खूण करून ठेवली होती.

मी कडाडले. "हात असाच राहिला तर मला सांगू नकोस!"

"न्हाय सांगत," अव्वा शांतपणे म्हणाली. "ह्या वयात मला काय कुस्ती खेळायचीय व्हय?"

शेवटी फिजिओथेरपीवाल्या मुलीला घरी बोलावलं. मी पुरावा म्हणून तक्ता पुढे केला. तिनं तो पाहिलाही नाही. अव्वाला विचारलं, "आजी, या हातावाचून तुमचं काय अडलंय?"

अव्वानं तो हात मांडीवर घेतला. मग म्हणाली, "लिंगपूजा. गळ्यातलं लिंग डाव्या तळव्यावर घ्यायचं असतंय. तळवा वरच वळंना. पाटावर ठिवून करते, पण पूजा झाल्यासारखं वाटतच न्हाय बगा. आन् हातातनं पडलं तर? लई भ्या वाटतंय."

तिची पूजा चालायची तेव्हा मी स्वयंपाकघरात डबे भरत असायचे. एका घरात राहून मला हे ठाऊक नव्हतं, याची मला लाज वाटली.

तक्ता गेला. अंघोळ झाली की पाटावर बसून, तोंडानं शिवनाम चालेल तोवर हात वळवायचा, एवढंच ठरलं. तळव्यावर आधी लिंगाऐवजी विभूतीची रिकामी डबी. ती घरंगळली की अव्वा कन्नडमधून डबीलाच झापायची. मलाही एक व्यायाम मिळाला होता, गप्प बसण्याचा. तो जास्त अवघड निघाला. पण अव्वाचा एक दिवस चुकला नाही; गावाला मंद्रूपला गेली तरी डबी पिशवीत.

श्रावणातल्या एका सकाळी तिनं मला हाक मारून जवळ बसवलं आणि लिंग तळव्यावर घेतलं. तळवा पुरता उताणा नव्हता. मला राहवेना. मी खालून माझा हात लावला.

"काढ हात," लिंगावरची नजर न हलवता ती म्हणाली. "धरलंय की मी."

मी हात काढला. पूजा संपेपर्यंत तिथंच बसून राहिले. शाळेला उशीर झाला तर झाला.