बोर्डावरचा हात

दिवेलागणीला देवापुढे निरांजन लावलं की लक्ष्मीदेवी घरातल्या एकेका स्विचबोर्डाला हात लावून यायच्या. तळहात नाही, हाताची उलटी बाजू. तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तशी. बोर्ड गार लागला तर पुढच्या खोलीत, कोमट लागला तर तिथली बटणं बंद आणि रात्रभर जिवाला घोर. हे त्यांनी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं ते नवऱ्यालाच, आणि गुंडेराव तर घरातल्या विजेचे स्वयंघोषित सर्वेसर्वा होते.

कानडी मुलखातल्या जयलक्ष्मीपुरमचं हे घर सासऱ्यांनी बांधलं, तेव्हा सगळे अ‍ॅल्युमिनियमचीच तार ओढत. तांबं परवडायचं कोणाला? ती तार तशीच भिंतीत राहिली. घरात मिक्सर आला, फ्रिज आला, गीझर आला, तार तीच.

गुंडेरावांच्या घराण्यात पूर्वी रंगाऱ्याचं काम होतं. कापडाला दोऱ्याच्या गाठी मारून ते रंगात बुडवायचे. गाठीच्या आत रंगाचा थेंब शिरला तर नाक कापलं जायचं. आजोबांबरोबर रंगाची पिंपं गेली, गुंडेराव छापखान्यात चिकटले, पण बोटांतली गाठ काही गेली नाही. दिवा लुकलुकला की ते मेन बंद करून स्टुलावर चढत. ढिला सांधा पक्कडीने पिळत, त्यावर मेण लावलेला दोरा आवळून आवळून गुंडाळत आणि वर काळी टेप. नवी तांब्याची वायर जोडायची झाली तर तीही त्याच जुन्या तारेला पिळून. “आमची गाठ सुटत नाही,” असं म्हणत खाली उतरत. लक्ष्मीदेवींनी स्टूल धरायचं आणि बॅटरी दाखवायची. लग्न झाल्यापासून त्या स्टूलच धरून उभ्या आहेत असं म्हटलं तरी चालेल.

“अहो, जळल्याचा वास येतोय.”

“सुम्ने, उगाच काहीतरी बोलू नकोस. शेजारची फोडणी असेल.”

शेजारी फोडणी दिवसभर कशी काय जळते, हे विचारायचंही पुढे पुढे त्यांनी सोडून दिलं. वाद घालायलाही अंगात त्राण लागतं.

यंदा गुंडेरावांच्या फुप्फुसांनी हात टेकले. इस्पितळातून सोडायच्या आधी डॉक्टर म्हणाले, घरी ऑक्सिजनचं मशीन लावावं लागेल, रात्रंदिवस चालू. आणि घर जुनं आहे म्हणताच त्यांनी बजावलं, “आधी त्या खोलीचं वायरिंग तपासून घ्या. ऑक्सिजनजवळ ठिणगी पडली तर माणूस हाती लागणार नाही.”

पलंगाशेजारचा बोर्डच तर सगळ्यात जास्त तापायचा.

“घरी आलो की मीच बघतो,” गुंडेराव नाकातल्या नळीआडून म्हणाले. “परक्याचा हात लावू द्यायचा नाही. अष्टे.”

अष्टे म्हणजे बस्स, विषय संपला. न्हाणीपर्यंत जाताना ज्यांना दोनदा टेकावं लागत होतं, ते स्टुलावर चढणार होते! लक्ष्मीदेवींना हसूही आलं नाही. त्यांना इस्पितळातच ठेवून परतताना त्या बसमधून उतरल्या आणि घराकडे न वळता तडक पुनीतच्या दुकानात गेल्या. पुनीत म्हणजे गल्लीच्या टोकाचा इलेक्ट्रिशियन. बोलायचा भरभर, कन्नडमध्ये, आणि एक डोळा सतत फोनवर.

त्याने मेन बंद केला, टेस्टर लावून पाहिला, मग पलंगाशेजारचा बोर्ड उघडला. आत गुंडेरावांच्या गाठी होत्या, ओळीने, देखण्या. एक काळीठिक्कर पडली होती.

“अम्मा, गाठ घट्टच आहे. पण ही तार मऊ. तापते, निवते, तशी आतल्या आत दबत जाते. वरून दोरा आवळलेला, आत सांधा ढिला. त्यात तांबं पिळलंय. हा सांधा तापणारच.”

“अजून आवळली असती तर?”

“तर तुटली असती.”

पुनीतने त्या खोलीला मेनपासून तांब्याची वेगळी लाइन ओढली. तिचा स्वतंत्र ब्रेकर, तिचं अर्थिंग. खोलीतली जुनी तार पार तोडून टाकली. बाकीच्या खोल्यांतले पिळलेले सांधे काढून दोन्ही धातूंना चालणारे कनेक्टर बसवले. गीझर, इस्त्री तिथे आता लावायची नाही, आणि सवडीने सगळं घर तांब्याचं करून घ्यायचं, असं दोनदा बजावलं. जाताना त्याच्या शिडीने एक फरशी फोडली, त्याबद्दल मात्र तो काही बोलला नाही. भिंतीचा चुरा लक्ष्मीदेवींनीच झाडला. कंबर मोडली होती, आणि नवऱ्याच्या पाठीमागे केल्याची धाकधूक वेगळीच. काळी पडलेली गाठ त्यांनी कुंकवाच्या जुन्या डबीत ठेवली. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

गुंडेराव घरी आले. पलंगावर टेकले, मशीन घुरघुरू लागलं, आणि त्यांची नजर नव्या पांढऱ्या बोर्डावर गेली. लक्ष्मीदेवींनी वाटेत सगळं भांडण मनात रचून ठेवलं होतं.

“माझी गाठ?”

त्यांनी डबी उघडून पुढे केली. गुंडेरावांनी नखाने दोरा सोडवायला घेतला, तर त्याचा बोटांवर भुगा झाला. काळी झालेली बोटं त्यांनी एकमेकांवर चोळली.

“घट्ट होती,” ते म्हणाले.

“होती,” लक्ष्मीदेवी म्हणाल्या. रचलेलं भांडण तिथेच राहिलं.

संध्याकाळी निरांजन लावून त्या सवयीने निघाल्या. स्वयंपाकघर, माजघर, पडवी. पाय भरून आले होते. शेवटी त्या पलंगाच्या खोलीत आल्या.

“तू बस. इथला मी बघितला. गार आहे.”

गुंडेरावांचा हात बोर्डाला टेकलेला होता. उलटा.

लक्ष्मीदेवी दारातच थांबल्या. “उलटा हात लावायचा हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

“रोज बघत होतो की तुला.”

“रोज?” त्यांचा आवाज चढला. “मग बोलला का नाहीत कधी? मी वास येतोय म्हणायची तर फोडणी म्हणायचात!”

गुंडेराव श्वास जमेपर्यंत थांबले. “तू हात लावून गेलीस,” ते म्हणाले, “की मला झोप लागायची.”

लक्ष्मीदेवींना रागाने रडू आलं, आणि रडायचाही कंटाळा आला. दिवेलागणीला आडवं होऊ नये, लक्ष्मी घरात येते, हे त्यांनी स्वतः सगळ्यांना सांगितलेलं. त्यांनी पलंगाखालची चटई ओढली आणि तिच्यावर अंग टाकलं.

“आता तुम्ही जागे राहा,” त्या म्हणाल्या, आणि भिंतीकडे तोंड करून झोपी गेल्या. गुंडेरावांचा हात भरून आला तरी त्यांनी तो बोर्डावरून काढला नाही.