झाकण उघडण्याआधी

"अहो, हात खाली घ्या. झाकण अजून काढलंच नाही," विज्ञानाच्या मॅडम म्हणाल्या.

माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांनी हात वर केला होता. आमच्या मनवेलपाड्याच्या सोसायटीचे चेअरमन. त्यांचा मुलगा आणि माझी मुलगी विरारच्या त्या शाळेत नववीच्या एकाच वर्गात. त्या शनिवारी पालकांसाठी विज्ञानाचे प्रयोग ठेवले होते. बर्फाचं पाणी, पाण्याची वाफ, हे करून झालं होतं. आता चंचुपात्रात डांबरगोळ्या होत्या, वर काचेची तबकडी, खाली स्पिरिटचा दिवा. घनपदार्थाचा सरळ वायू होतो, मध्ये द्रव होत नाही, हे मॅडम दाखवणार होत्या. तबकडी उचलली की ज्याला वास येईल त्याने हात वर करायचा. पुढच्या रांगेपासून मागच्या रांगेपर्यंत वायू कसा पोचतो ते सगळ्यांना दिसेल.

चेअरमननी हात खाली घेतला नाही. माझ्याकडे मान वळवून म्हणाले, "मॅडम, हे अर्नाळ्याचे. यांना झाकण लागत नाही."

वर्ग हसला. मॅडमही हसल्या. हसत हसत म्हणाल्या, "चला, विसरणाचं, म्हणजे वास हवेत पसरण्याचं, उदाहरण आयतंच मिळालं. आणखी कोणाकोणाला येतोय?"

हात वर झाले. आमच्या रांगेतले, पुढचे, मागचे. टेबलाजवळ चिमटा धरून माझी मुलगी उभी होती, मॅडमना मदत करायला. तिने चिमटा डाव्या हातात घेतला. आणि उजवा हात वर केला.

मी काय केलं ते लिहितो. मी शर्टाची बाही नाकाला लावली.

साबणाचा वास होता. दुसरा कसलाही नाही. मी हिशेब तपासण्याची नोकरी करतो. मासळीला हात लावत नाही. पण आमच्या घरात पालकसभेच्या दोन दिवस आधीपासून मासळी शिजत नाही. माझी आई अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातून सुके बोंबील पाठवते, ते आम्ही पिशवीत पिशवी घालून घट्ट डब्यात ठेवतो. तळताना खिडक्या लावून घेतो. हे नियम आम्हाला कोणी लेखी दिलेले नाहीत. आमचे आम्हीच घालून घेतले. इतकं करूनही बाही हुंगणारा त्या खोलीत मी एकटाच होतो.

मी उभा राहिलो.

"मॅडम, ज्यांनी हात वर केले, त्यांना कसला वास आला ते एकेकाने सांगावं."

 हात भराभर खाली आले.

"अहो, गंमत केली. मनाला काय लावून घेता?" चेअरमन म्हणाले.

"मी विचारलंय. उत्तर द्या. कसला वास आला?"

"पालक, कृपया बसून घ्या. वेळ कमी आहे," मॅडम म्हणाल्या.

मी बसलो नाही. त्यांनी तबकडी उचलली. डांबरगोळीचा वास सुटला, पुढून मागे हात वर होत गेले, मॅडमनी निष्कर्ष सांगितला. सगळं पुस्तकात आहे तसंच झालं. मी शेवटपर्यंत उभा होतो. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. मुलीनेही नाही.

रिक्षात मी तिला विचारलं, "तुला वास आला होता?"

 बाहेर बघतच ती म्हणाली, "नाही."

"मग हात का वर केलास?"

"सगळ्यांनी केला म्हणून. बाबा, मी एकटीनेच नसता केला तर मला पण त्यात धरलं असतं."

तिचं उत्तर बरोबर होतं. त्याचाच मला राग आला. ज्या हिशेबाने मी घराच्या खिडक्या लावतो, त्याच हिशेबाने तिने हात वर केला होता. मीच शिकवलेला हिशेब, तिने माझ्यावरच मांडला.

घरी आल्यावर मी तिला सांगितलं, "सोमवारी वर्गात उभं राहायचं. सांगायचं, मला वास आला नव्हता, मी खोटा हात वर केला."

ती रडायला लागली. "सगळे हसतील."

"हसू देत."

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. तीही अर्नाळ्याचीच. म्हणाली, "तुमचा काय, तुमी बोलून घरी याल. तिला रोज त्याच बाकावर बसायचाय. पोरीला कशाला पुढं करता?"

"तिला त्यांनीच पुढं केलं. माझ्यासमोर."

"आनि ती बोललीच नाय तर?"

मुलगी माझ्याकडे बघत होती. ती माझ्यावर चिडली असेल. वर्षभर बोलणार नाही कदाचित. मी शब्द मागे घेतला नाही.

"तर मी जाईन," मी म्हणालो. "त्याच वर्गात, तिच्या मॅडमसमोर, तिच्या मैत्रिणींसमोर उभा राहीन. कोणी कोणी खोटा हात वर केला ते सांगेन. चेअरमनपासून सुरुवात करीन. आणि माझ्या मुलीचं नाव गाळणार नाही."