नळीतला दात

आता तुमच्यापासून काय लपवायचं? फक्त चहाचा कप जरा खाली ठेवा, मागच्या वेळी हे ऐकताना आमच्या साडूंच्या नाकातून चहा आला होता.

माझा वरचा पुढचा दात गेला तो ऊस सोलताना. पन्नाशीचा माणूस, हायस्कुलात शास्त्र शिकवणारा, आणि दातानं ऊस सोलतो! त्यात आमच्या पोरीचं, वैशालीचं लग्न जमत आलेलं. तोंडात हे खिंडार घेऊन व्याह्यांपुढे कसा जाणार?

इम्प्लांट तेव्हा कोल्हापुरात नवीनच आलेलं. डॉक्टरांनी जबड्याच्या हाडात चक्क स्क्रू पिळला हो! भिंतीत खुंटी बसवताना मी पुष्कळदा बघितलं होतं, पण त्या दिवशी भिंत मीच होतो.

"सर, आतला स्क्रू पक्का. वरचा दात मात्र तात्पुरता. तीन-चार महिने त्यानं काही चावायचं नाही," डॉक्टर म्हणाले.

मी 'पक्का' तेवढं ऐकलं. घरी सगळ्यांना ताकीद दिली, व्याह्यांकडे दाताचा 'द'सुद्धा काढायचा नाही.

रविवारी मी, बायको आणि वैशाली राधानगरीकडे मुलाचं घर बघायला गेलो. होणारे व्याही तात्या, दहा म्हशींचे मालक. चहाच्या आधी त्यांनी गोठ्यात नेलं आणि नव्या म्हशीचा जबडा उघडून दाखवला.

"दात बघितल्याबिगार आपून जनावर घेत न्हाय, सर. माणूस खोटं बोलंल, दात न्हाय बोलत!"

मी मान डोलावली. तोंड मिटूनच.

जेवण तात्यांनी स्वतः रांधलेलं. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुकं मटण आणि माझ्या ताटात मानाची नळी. "वढा सर, लाजू नगा!"

आता सांगा, नळी कधी कोणी चावतं का? ती ओढायची असते! म्हणजे डॉक्टरांचा शब्द मोडत नव्हता. मी नळी दातांत धरली, डोळे मिटले आणि असा जोर लावला की मगज सुर्रकन आत आला. त्याच्याबरोबर काहीतरी कडक जिभेवर आलं. बोटावर घेऊन बघतो तर दात! माणसाचा!

मी ताट लांब सारलं.

"तात्या! नळीत माणसाचा दात आहे!"

पंगत गारठली. तात्यांच्या हातातली पळी खाली पडली. "असं कसं हुईल? बोकड माझ्या डोळ्यांम्होरं कापलाय की ओ!"

"मग हा कुणाचा? स्वयंपाकघरात कोण कोण होतं? सगळ्यांनी आ करा!"

मास्तर ना मी! बिचाऱ्यांनी केला. तात्यांचा आ बघितला, विहीणबाईंचा बघितला, होणाऱ्या जावयालाही उजेडाकडे वळवून बघितला. सगळ्यांचे दात जागच्या जागी.

"आता तुमी करा," तात्या शांतपणे म्हणाले.

मी ऐटीत केला. बायकोनं पदर तोंडावर घेतला. वैशाली पुटपुटली, "पप्पा, तुमचाच."

जीभ लावून बघितली. दाताच्या जागी गार लोखंड!

माझ्या पोरीचं लग्न मी माझ्याच तोंडानं मोडलं होतं. तिचे डोळे भरले, आणि मला तिच्याकडे बघायची हिंमत होईना.

तात्यांनी माझी हनुवटी धरली, वाकून आत बघितलं. "आयला, हितं तर खिळा हाय!"

"तात्या, चुकलं माझं. पोरीचा काही दोष नाही," मी कसाबसा बोललो.

"पोरगी पसंत हाय ओ आमास्नी! तुमाला काय बाजारात इकायचं हाय व्हय?" म्हणत ते असे हसले की गोठ्यातल्या म्हशी ओरडायला लागल्या.

लग्न झालं. पोरगी सुखात आहे. मला पक्का दातही बसला. पण आजही तात्यांकडे जेवायला गेलो की भरल्या पंगतीत ते माझा जबडा उघडून बघतात. एकदा ताट वाढायच्या आधी आणि एकदा उठताना.