मान डोलवायची सवय

वडगावच्या आमच्या गल्लीत कुणी काही विचारलं की माणसं आधी मान डोलावतात. मागांच्या खडखडाटात निम्मं ऐकूच येत नाही. समोरच्याचे ओठ बघायचे, उमगलं नाही तरी 'व्हय' म्हणायचं आणि साडी पुढं विणायची. माझ्या शेजारच्या शालूआक्कानं चाळीस वर्षं हेच केलं. कान गेले, सवय राहिली.

दोन वर्षांपूर्वी मागातून आडवा धागा नेणारा धोटा उडाला आणि तिच्या मनगटावर बसला. हाड जुळलं, पण माग सुरू झाला की तिची मूठ वळायची, ती काही केल्या सुटायची नाही. दवाखान्यातल्या मनोविकाराच्या डॉक्टरांनी संमोहन केलं. तिला कमी ऐकू येतं हे त्यांनी आधी ओळखलं. समोर बसून, डोळे उघडेच ठेवायला लावून, हात सैल पडतोय एवढंच ते सावकाश सांगत राहिले. चार खेपांत मूठ सुटली. मी सोबत जायची, तर मला म्हणाले, या अवस्थेत जे विचारावं ते माणसाला खरंच घडल्यासारखं वाटू लागतं, म्हणून मी काही विचारत नाही. मी मान डोलावली. मीही याच गल्लीतली.

पुढं डॉक्टरांची बदली झाली. आक्काला झोप लागेना, तेव्हा मीच शहाणपणा करून तिला एका लॉजच्या हॉलमधल्या 'संमोहनतज्ज्ञा'कडे नेलं. भिंतभर सर्टिफिकेटं, अंगाला अत्तराचा भपका, बोलणं मधाळ. लहानपणी ती विहिरीत पडली होती, हे त्यानं खोदून विचारल्यावर मीच सांगितलं. तिला ऐकू येत नाही म्हटलं, तर म्हणाला, अंतर्मनाला कान लागत नाहीत. तिचे डोळे मिटवून तो कानाशी वाकला.

"विहिरीत पडली होतीस?"

"व्हय."

"कुणी ढकललं? भावानं?"

"व्हय."

मग तेच त्यानं कानात मोठ्यानं सांगून तिच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं, ती हमसून रडेपर्यंत. गाठ सुटली म्हणाला आणि स्वतःसाठी चहा मागवला. मी शेजारी गप्प बसले होते. त्याची किळस येते, त्याहून माझी येते.

तिचा भाऊ म्हणजे उचगावचा परसूअण्णा. लहानपणी ती विहिरीत घसरली, तेव्हा यानंच उडी टाकून केसांना धरून वर काढलं, हे तिनंच मला शंभरदा सांगितलेलं. दर शनिवारी तो रताळ्यांची पिशवी घेऊन येतो. आता आक्का दार लावून घेते. तो बिचारा पायरीवर बसतो आणि माझं काय चुकलं म्हणून मला विचारतो.

गेल्या शनिवारी मी तिला उजेडात समोर बसवलं आणि सगळं सावकाश सांगितलं. त्या माणसानं काय विचारलं, तिनं कशी मान डोलावली, सगळं. ती माझ्या ओठांकडं बघत राहिली. या खेपेला तिनं मान डोलावली नाही.

"तू म्हणतीस ते खरं हाय, इंदू," ती म्हणाली. "त्यानंच मला वर काढलंतं, मला ठावं हाय. पण डोळं मिटलं की त्याचा हात पाठीला लागतोय गं. ढकलतोय."

पायरीवर पिशवी ठेवून अण्णा निघून गेला होता. "ती तूच ने," आक्का म्हणाली. मी घरी आणून रताळी उकडली आणि तशीच झाकून ठेवली.