पांढरा दोरा

माधवनगरला माझी खोली यंत्रमागाच्या शेडवर होती. तिथला जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा माणूस, रोज जिन्यावरून दिसायचा. नाव मी कधी विचारलं नाही. माग बिघडला की विणकर त्याला तांबडा दोरा बांधायचा. जॉबर काम हातात घेताना तो सोडून पिवळा बांधायचा. काम उरकलं की हाताचं ग्रीस टाकाऊ सुतानं पुसत बाजूला उभा राहायचा. माग नीट चालतो असं सांगणारा पांढरा दोरा मात्र तो कधीच बांधायचा नाही.

एकदा मी म्हटलं, "दुरुस्त झाला ना? मग बांधा की पांढरा."

"मी कोन म्हननार? चालवनाऱ्यानं हातभर कापड काढायचं, मग त्यानंच बांधायचा."

तेव्हा मी कंपनीच्या तक्रारींचे वर्कफ्लो एपीआयमधून, म्हणजे स्क्रीनवर हातानं न आखता थेट कोडनं, तयार करणारा प्रोग्रॅम लिहीत होतो. तक्रार कुठल्या टप्प्यातून कुठे जाईल आणि तिला पुढे कोण नेईल, हे सगळं कोडच ठरवायचा. तक्रार बंद करायचा हक्क मी दुरुस्त करणाऱ्याला दिला होता. त्या दिवशी वर खोलीत जाऊन तो काढला आणि तक्रार करणाऱ्याला दिला. अजूनही नवा वर्कफ्लो लिहिताना त्या हक्काची ओळ मी सगळ्यात आधी लिहितो.

पुढे शेड बंद पडली. माग भंगारात निघाले त्या दिवशी मी मुद्दाम खाली गेलो. जॉबर आला नव्हता. कोपऱ्यातल्या मागाला पिवळा दोरा तसाच होता. त्यानं माग दुरुस्त केला असणार. चालवून बघणारं कुणी उरलं नव्हतं.