कोहमाऱ्याच्या मोटारीतले वाढते तेल

नागपूरहून निघताना मी नेहमीप्रमाणे सामान मोजून घेतले. वळकटी, तांब्या, क्विनाइनच्या गोळ्या, छत्री, देवरीच्या आरागिरणीसाठी (लाकूड कापायच्या गिरणीसाठी) तेलाचे दोन डबे आणि पेटी. या पेटीवर माझे पोट चालते. तीत तांब्याची लहान वाटी, स्पिरिटचा दिवा, लांब उष्णतामापक, टीपकागद आणि चांगल्या तेलाची एक बाटली असते. इंजिनाच्या पोटातल्या तेलात पेट्रोल किंवा घासलेट उतरले आहे का, हे मी तिच्या मदतीने जागच्या जागी सांगू शकतो. लढाई सुरू झाल्यापासून पेट्रोल रेशनवर मिळते. लोक त्यात घासलेट मिसळतात आणि माझ्या फेऱ्या वाढतात.

गोंदियाच्या फलाटावर हमालाने पेटी कानाशी हलवून पाहिली. "बाबूजी, इसमें काँच है क्या?" मी हो म्हणेपर्यंत त्याने ती डोक्यावर चढवलीही होती. फलाटाबाहेर गरम आलूबोंडे खाल्ले आणि लहान रुळांच्या गाडीत बसलो. ही गाडी सावकाश चालते, त्यामुळे मुलूख नीट पाहता येतो. धानाची कापणी संपली होती. बांध्यांतून (लहान शेतांतून) पुंजणे (धानाच्या गंजी) उभे होते आणि दर दोन गावांमागे एक तलाव चमकत होता.

सौंदडच्या भातगिरणीचे इंजिन निरोगी निघाले. गिरणीवाल्याने खुशीने जेवू घातले: नव्या तांदळाचा भात, लाखोरीची डाळ आणि तलावातली बारीक मासळी. रात्री थंडी चांगलीच होती. सकाळी त्याच्याच बैलगाडीने कोहमाऱ्याला आलो. येथे रायपूरकडे जाणारा मोठा रस्ता लागतो. एक चहाचे दुकान, लाकडाने भरलेल्या चार-दोन गाड्या आणि देवरीला जाणारी डोमाजीची मोटार, एवढाच तेव्हाचा कोहमारा.

मोटारीच्या बोनेटवर झेंडूची माळ होती आणि कुंकवाची बोटे ओढलेली होती. डोमाजी हाच मालक आणि हाच ड्रायव्हर. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा माणूस.

"आज कसली पूजा?" मी विचारले.

"आजची नाही जी, रोजची. गाडीले बरकत आहे." त्याने इंजिनातली तेल मोजायची काडी उपसून माझ्यापुढे धरली. "दिवाळीपासून थेंब टाकला नाही. तरी तेल वाढून राहिलं."

"पेट्रोल कितना पीती है, वो भी बोल," चहावाला भट्टीमागून म्हणाला.

"तो पंपवाला माप मारते. गाडीचा काय दोष?"

इंजिनातले तेल कमीच होत असते. वाढत असेल तर त्यात दुसरे काहीतरी झिरपत आहे, असे समजावे. मी काडीचा वास घेतला. घासलेट. अशा तेलाला अंग राहत नाही, ते पातळ पडते. सपाटीवर गाडी कशीबशी चालते; घाट चढताना बेअरिंग वितळते आणि दांडा तुटून इंजिन फोडतो. त्यात पोटातली वाफ पेटली तर मोटारही जाते. देवरीच्या अलीकडे घाट होता आणि दोन्ही बाजूंना जंगल.

मोटारीत डझनभर माणसे होती. पुढच्या बाकावर डोमाजीची मुलगी भागरता बसली होती. पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. सासरहून बाळंतपणासाठी माहेरी देवरीला निघाली होती. आई आणि सुईण तिकडे वाट पाहत होत्या. कोहमाऱ्यात तिच्या ओळखीचे एकही घर नव्हते.

मी पेटी उघडली. दिवा, वाटी आणि उष्णतामापक बाहेर येताच दोन माणसे मडकी घेऊन झाडामागे गेली. पागोटेवाला एक म्हातारा जवळ आला.

"आबकारीचे का जी?"

"नाही. मी दारू तपासत नाही, मोटारीचे तेल तपासतो."

"असं म्हणूनच येतेत," तो म्हणाला आणि आपले मडके बाकाखाली सरकवले.

टीपकागदावर मी दोन थेंब टाकले. बाटलीतल्या तेलाचा ठिपका जागीच बसला. डोमाजीच्या तेलाचा पसरत गेला आणि त्याच्या कडेला फिकट वलय उठले. मग त्याचे तेल वाटीत घालून दिव्यावर ठेवले. चांगले तेल पाण्याच्या उकळीपलीकडे बरेच तापल्याशिवाय पेट घेत नाही. मी थोड्या थोड्या वेळाने जळती काडी वाटीवरून फिरवत होतो. पारा उकळीच्या खुणेच्या बराच खाली होता, तोच वाटीवर निळी ज्योत भप्प करून धावली आणि विझली. सगळे मागे सरले.

"हे तेल घेऊन घाट चढू नका," मी म्हणालो. "सगळे काढून टाका. माझ्याकडे दोन डबे आहेत."

डोमाजीने माळ सारखी केली. "रिकामी नाही करत."

"काऊन गा?" म्हाताऱ्याने विचारले.

"भरल्या पोटाची पोरगी गाडीत बसली आहे. तिच्या डोळ्यासमोर भरलेलं भांडं उपडं करू? खळ्यावरची रास वाढून राहिली तं कोनी हात लावते का?"

"मग मी बसत नाही," मी म्हणालो.

"नका बसू. जागा होईल."

मी बसलो नाही तरी मोटार जाणारच होती. उन्हे कलायच्या आत घाट ओलांडायचा, तर वेळही फार नव्हता. डोमाजीने इंजिन सुरू करायचे हँडल उचलले.

"बा, इकडं ये," भागरता म्हणाली. तिने लुगड्याचा काठ वर घेऊन दोन्ही पाय बाकावरून पुढे केले. पायांना घोटे उरलेच नव्हते. तिने बोटाने दाबले तेथे खळगा पडला आणि तसाच राहिला. "हे भरले का सुजले?"

डोमाजीने हँडल खाली ठेवले.

"सासू म्हणे, पोरगी कशी भरून आली. मले ठावं, सुजले. चालवत नाही. तुह्या गाडीचंही तसंच असंल. काढ तेल."

"पोरी, अपशकुन होईल."

"जंगलात बसून राहिली तं काय शकुन होईल?"

म्हातारा हसला. "वकिलाच्या घरी द्याची होती ही."

डोमाजी मोटारीखाली शिरला. तेल पाण्यासारखे धावत खड्ड्यात पडले आणि घासलेटचा भपका चहाच्या दुकानापर्यंत गेला. म्हाताऱ्याने पणती पुढे केली: "दिव्याले घेतो जी, बरकतीचं आहे." मी त्याचा हात धरला. हे तेल दिव्यात भडकले असते. टाकीतून इंजिनाकडे पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा पडदा फाटलेला सापडला. त्यातूनच झिरपत होते. पण एका खेपेला नवे तेल पुरेल, असा माझा हिशोब होता. आरागिरणीचे दोन्ही डबे मी रिकामे केले. ते तेल मोटारीला जरा जाडच. हँडल फिरवायला तीन माणसे लागली.

घाटाच्या पायथ्याशी इंजिनातून ठोका ऐकू येऊ लागला. हलका, पण नेमाने. जुन्या तेलाने बेअरिंग आधीच थोडे खाल्ले होते. किती खाल्ले, हे माझी पेटी सांगू शकत नव्हती. मी डोमाजीला वेग कमी करायला लावले. दोनदा थांबून इंजिन निववले. पुरुष उतरून मागून चालले. एका वळणावर ठोका वाढला तेव्हा डोमाजीने माझ्याकडे पाहिले. मी हाताने 'चालू द्या' अशी खूण केली, ती खात्री होती म्हणून नव्हे. तेथे चढावर मोटार थांबली असती तर पुन्हा चढली नसती. भागरता पुढची दांडी दोन्ही हातांनी धरून बसली होती. तिच्या कपाळावर घाम होता. मला वाटले, धक्क्यांनी आला असावा.

माथ्यावर ठोका मंदावला. देवरीची कौले दिसली तेव्हा ऊन अजून झाडांच्या शेंड्यांवर होते. भागरताची आई दारात उभी होती. तिने मुलीला उतरवून घेतले आणि तोंडाकडे पाहताच म्हणाली, "कधीपासून?"

"घाट चढतानी," भागरता म्हणाली. मग माझ्याकडे वळून सांगितले, "बोलली असती तं तुमी गाडी थांबवली असती." आणि आईच्या खांद्यावर भार टाकून ती आत गेली.

आरागिरणीच्या मालकाने डब्यांवरून मला बरेच ऐकवले. ते रास्तच होते. नागपूरला तार करून दुसरे डबे मागवले. ते येईपर्यंतच्या मुक्कामात गिरणीचा मिस्त्री आणि मी मिळून डोमाजीच्या पंपाला मेणकापडाचे पदर लावून नवा पडदा बसवला. डोमाजी येऊन बसे, अवजार हातात देई, पण घरचे काही सांगत नसे. भागरताची सुटका फार कठीण झाली, एवढेच बाजारात कळले. मीही विचारायला धजलो नाही.

परतीच्या मोटारीत मी पुढेच बसलो. इतक्या वर्षांच्या फिरतीत किती तेले तपासली याची यादी माझ्याकडे आहे; पण सांगितलेले पटावे यासाठी पेटीत काय ठेवावे, ते मला अजून ठरवता आलेले नाही. घाटाच्या माथ्यावर डोमाजीने आपण होऊन मोटार थांबवली. मागून लोक कुरकुरले. त्याने काडी उपसली, धोतराला पुसली, पुन्हा बुडवून उन्हात धरली आणि बराच वेळ पाहत राहिला.

"कमी झालं जी."

"चालल्यावर कमी व्हायचेच," मी म्हणालो. "काळजीचे नाही."

त्याने काडी जागेवर बसवली.

"पोरगीही अर्धी झाली," तो म्हणाला. "पन आता दोघी आहेत."